लाल रेषेबाहेरची गोगलगाय

प्रभाकरराव एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात होते, आणि एकतीस वर्षांत त्यांनी आखलेली रेषा एकदाही चुकली नव्हती. हे दुसरं कोणी म्हणायचं नाही, ते स्वतःच म्हणायचे.

निवृत्त होऊन त्यांनी आंजी गावात घर बांधलं, आणि पोरगा अंकित नोकरीसाठी हैदराबादला निघाला तेव्हा हॉलमध्ये तीन फुटांची काचेची टाकी ठेवून गेला. आत खारं पाणी, कोबीच्या गड्ड्यासारखं एक प्रवाळ आणि दोन केशरी मासे. आता सांगा, जिथून समुद्र गाठायला रात्रभर गाडीत बसावं लागतं तिथं समुद्र घरात आणून ठेवायचा म्हणजे काय खूळ! पण पोराचं खूळ बापाने पोसायचं, ही रीतच आहे.

"बाबा, खाली कपाटात दुसरी टाकी बसवा लागते," अंकितने फोनवर समजावलं. "वरचं पाणी सांडून खाली येते, गाळून निघते, आन् पंप त्याले परत वर धाडते. खालच्या टाकीत तीन खण पाडजा. पहिल्यात गाळणी, दुसऱ्यात फेस काढायचं यंत्र, तिसऱ्यात रेफ्युजियम. तिथं शेवाळ, गोगलगायी, तिळाएवढे बारके जीव राह्यतात. वर माशे त्यायले खाऊन टाकतात न. म्हणून त्यायच्यासाठी आसऱ्याची जागा."

प्रभाकररावांचे कान टवकारले. "म्हणजे पुनर्वसन! मंग पहिलेच तसं सांग न बे."

झालं. चार दिवस माणूस जेवायला उठेना. वरच्या टाकीचं नाव जलाशय, पाणी सांडायच्या खाचेचं नाव सांडवा, आणि तिसऱ्या खणाचं नाव 'पुनर्वसन वसाहत (नवीन)'. वसाहतीला दिवाबत्ती, पोचमार्ग म्हणून कौलाचा तुकडा, समाजमंदिर म्हणून एक भोकाभोकांचा दगड. नागपूरहून प्लास्टिकच्या पिशवीत चौदा गोगलगायी आल्या, त्यांना अनुक्रमांक देऊन रजिस्टरात नोंद केली. नऊ नंबरच्या शंखाचा टवका उडाला होता, तोही ओळखचिन्ह म्हणून लिहिला. खालच्या टाकीच्या काचेवर, काठापासून चार बोटं खाली, त्यांनी तांबड्या ऑइलपेंटने रेषा मारली. लाइट गेली, पंप थांबला, तरी वरून उतरणारं पाणी या रेषेच्या वर येणार नाही. हिशेब पक्का.

"तुमच्या त्या गोगलगायीयले दिवाबत्ती," देवकाबाई म्हणाल्या, "आन् माह्या मोरीतला दिवा सहा महिन्यांपासून बंद आहे." पण घरच्या बायकोचं निवेदन कोणत्या खात्यात लवकर निकालात निघतं!

पाइपाच्या कामाला पुनाजी मडावी आला. प्रभाकरराव त्याला ओळखत होते. नसते ओळखत तर बरं झालं असतं, असंही त्यांना वाटून गेलं. बावीस वर्षांपूर्वी धरणाच्या बुडीत क्षेत्राची रेषा त्यांनीच आखली होती, आणि पुनाजीचं घर त्या रेषेबाहेर हातभर राहिलं. दर पावसाळ्यात पाणी त्याच्या चुलीत शिरायचं, पण कागदावर घर कोरडं. कोरड्या घराला पुनर्वसनाचा प्लॉट नाही. तेव्हापासून पुनाजी मेहुण्याच्या परसात झोपडी करून राहत होता. आता नव्या साहेबाने फाइल काढली होती. रेषा आखणाऱ्याने पाणी आल्याचं लिहून दिलं तर प्लॉट देतो, म्हणाला होता. सुनावणी सोमवारी होती. म्हणून पुनाजीच्या थैलीत करवतीच्या पात्यासोबत एक टाइप केलेला कागदही होता.

"सायेब, एक सही पाह्यजे."

"पुनाजी, माही रेषा चुकत नाई."

"पाणी चुलीत आलतं, सायेब."

"मंग ते पाणी चुकलं!"

पुनाजीने कागद थैलीत ठेवला आणि कामाला लागला. काचा चिकटल्या, पाइप जोडले. आवाज नको म्हणून परतीच्या पाइपाचं तोंड वरच्या टाकीत वीतभर खोल बुडवायचं, असं नकाशात होतं. पुनाजीने नकाशा पाहिला आणि डोकं खाजवलं.

"सायेब, पंप थांबला का हा पाइप उलटा ओढन. वीतभर पाणी खाली येईन, तुमच्या रेषेच्या वर जाईन. पाइपाले वर, पाण्याले लागून, एक बारकं छिद्र पाडू द्या. हवा शिरली का पाणी थांबते."

छिद्र! प्रभाकरराव खुर्चीतून उठलेच. अख्खी नोकरी ज्या माणसाने पाइपाला छिद्र पाडणाऱ्यांवर केसेस करण्यात घालवली, त्याच्याच घरात हे बोलणं!

"पाइपाले छिद्र म्हणजे पाणीचोरी. माह्या हद्दीत जमायचं नाई."

"बरं," पुनाजी म्हणाला. "मंग पाणी रेषेच्या वर गेलं तर सही करान?"

"करीन! आन् नाई गेलं तर तो कागद पुन्हा माह्यासमोर आणजो नको."

सोमवार दोन दिवसांवर होता. पुनाजीने पाइप नकाशाप्रमाणे वीतभर बुडवला, गोगलगायी वसाहतीत सोडल्या, पंप चालू केला आणि तो भिंतीला टेकून बसला.

"अन् आता काय लाइट जायची वाट पाहत बसता?" देवकाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी खटकन मेन बंद केला.

पंप थांबला. वरचं पाणी गुळगुळ करत उतरू लागलं. प्रभाकरराव हाताची घडी घालून उभे राहिले. पाणी रेषेशी आलं. "थांबते आता," ते म्हणाले. पाणी रेषेच्या वर गेलं. "समुद्राचं पाणी आहे, याले भरती असते." पाणी काठावरून सांडलं, कपाटातून बाहेर आलं, दिवाणाखाली शिरलं, देवकाबाईंनी वाळत घातलेल्या, शेवयांसारख्या सरगुंड्यांच्या सुपाला लागलं.

"पाइप उचलू काय, सायेब? तुमचा हुकूम पाह्यजे."

"अवो, द्या न हुकूम!" देवकाबाई ओरडल्या. "सरगुंडे गेले माहे!"

"उचल," प्रभाकरराव पुटपुटले. पुनाजीने दोन बोटांनी पाइपाचं तोंड पाण्याबाहेर काढलं आणि पाणी जागच्या जागी थांबलं.

माणूस मुळात सरळ असता तर तिथंच सही झाली असती. पण खात्याची सवय! प्रभाकररावांनी पॅड आणलं आणि सांडलेल्या पाण्यात उभं राहून पंचनामा सुरू केला. 'दिवाण, सूप व सरगुंडे रेषेबाहेर असल्याने बाधित नाहीत.'

"तुमच्या अकलीवर पडला तो सांडवा!" देवकाबाई भडकल्या. "मी पाण्यात उभी आहो न! बाधित नाई?"

त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि वसाहतीची मोजणी घेतली. तेरा. पुन्हा मोजल्या. तेराच. नऊ नंबर नव्हती.

आता मात्र त्यांचा जीव खालीवर झाला. धोतर खोचून ते गुडघ्यांवर आले आणि रांगत रांगत दिवाणाखाली शिरले. अगदी भिंतीशी, ओल्या केरात, टवका उडालेला शंख उलटा पडला होता.

"सापडली!" ते आतूनच ओरडले.

"रेषेच्या बाहेर सापडली, सायेब," पुनाजी म्हणाला. "तिले जागा भेटत नाई."

तो चेष्टा करत नव्हता. बावीस वर्षांत त्याला जसं सांगितलं गेलं, तसंच त्याने सांगितलं.

प्रभाकरराव दिवाणाखाली तसेच पडून राहिले. त्यांना पुनाजीची चूल आठवली. पँट गुडघ्यापर्यंत वर करून ते त्या घरात गेले होते. पाण्यावर राख तरंगत होती, पुनाजीची बायको सुंदरा पोराला माळ्यावर बसवत होती, आणि त्यांनी पॅडवर लिहिलं होतं, 'कोरडे'. पाणी चुकलं नव्हतं. त्यांना माहीत होतं. लाज वाटली, फार लाज वाटली.

ते बाहेर आले. गोगलगाय वसाहतीत सोडली. ती बराच वेळ हलली नाही, मग हळूच शिंगं काढून कौलावर चढली.

"कागद आण."

कागदावर टाइप केलं होतं, 'पाणी आले असावे असे वाटते.' प्रभाकररावांनी 'असावे असे वाटते' खोडलं आणि खाली हाताने लिहिलं, 'पाणी आलं होतं. मी त्यात उभा होतो.' मग सही केली, तारीख घातली.

पुनाजीने ते दोनदा वाचलं. गोगलगायी आल्या होत्या ती प्लास्टिकची पिशवी त्याने पुसली, कागद तिच्यात ठेवला आणि गाठ मारली. डोळे पुसले ते मात्र कोणाला दिसू नये असे, पाठ फिरवून.

"आता पाइपाले छिद्र पाडू काय, सायेब?"

"पाड," प्रभाकरराव म्हणाले. "दोन पाड."