टाकीचं झाकण

गवत कापायचं यंत्र सुरू व्हायचं, जरा गुरगुरायचं आणि मान टाकायचं. नवरोबांनी प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला आणि शेवटी यंत्राच्या सात पिढ्या उद्धरल्या.

"द्या भंगारात!" सासूबाई खिडकीतून म्हणाल्या.

"थांबा हो आई!" सून उसळली. "पेट्रोल बघायला झाकण काढलं की हे चालतं, लावलं की मरतं. दिसत नाही का कुणाला?"

तिने झाकण निरखलं. टाकीत हवा जाऊन पेट्रोल खाली उतरावं म्हणून ठेवलेल्या बारीक भोकावर चिकटपट्टी होती.

"मुंग्या जाऊ नयेत म्हणून मीच लावली," नवरोबा पुटपुटले.

तिने पट्टी टर्रकन ओढली, झाकण लावलं आणि दोरी खेचली. अख्ख्या अंगणातलं गवत तिने एका दमात कापून काढलं.

पट्टी तिने नवरोबांच्या कपाळावर डकवली होती. सासूबाई ती संध्याकाळपर्यंत काढू देईनात.