पाचामामाच्या ताटाखालचा रुमाल

माझ्या मधोमध एक डाग आहे. लांबी एक वीत, रुंदी त्याहून दोन बोटे कमी. थंडीत तो मेणासारखा घट्ट होतो आणि ऊन लागले की मऊ पडतो. तेव्हा त्याला लामा या लोकरी जनावराच्या चरबीचा वास येतो. हा डाग एकदम पडलेला नाही. एकोणतीस ऑगस्ट महिने लागले त्याला.

मित्रांनो, माझ्याकडे पाहणाऱ्यांना आधी हा डागच दिसतो, म्हणून मीही ओळख तिथूनच करून देतो. मी लोकरीचा एक जुना चौकोनी रुमाल आहे. आउसांगाते पर्वताच्या उतारावरच्या एका दगडी घरात राहतो. आणि मला तो डाग धुऊन नको आहे.

बासिलियाने मला विणले तेव्हा ती सतरा वर्षांची होती. जमिनीत चार खुंट्या ठोकून तिने ताणा ओढला. लोकर तिच्याच कळपातल्या अल्पाकांची, सूत तिच्याच हातचे. माझा लाल रंग निवडुंगावरच्या किड्यांपासून आला. आमच्या उंचीवर पाणी लवकर उकळते, पण हवे तेवढे तापत नाही. म्हणून दरीतल्या बायका जेवढा वेळ रंग उकळतात, त्याच्या दुप्पट वेळ ती आगीपाशी बसली. काठाचे सूत मात्र तिने मुद्दाम डावीकडे पीळ देऊन कातले. उजवा पीळ रोजच्या कामाचा, डावा वाईटाला अडवणारा. माझ्या एका बोटाच्या रुंदीत बावीस धागे आहेत. तिने ते मोजले नव्हते. मी मोजले आहेत.

लग्नात तिने मला नासारिओला दिले. नासारिओ पाको होता. गावाच्या वतीने पाचामामाशी, म्हणजे धरतीमातेशी, आणि भोवतालच्या पर्वतांशी तो बोलत असे. ऑगस्टमध्ये जमीन तोंड उघडते. तेव्हा तिला जेवू घालायचे, वर्षभरात तिने जे दिले त्याचे आभार मानायचे. त्या जेवणाला आमच्याकडे देस्पाचो म्हणतात, आणि ते वाढले जाते माझ्यावर.

आधी माझ्यावर पांढरा कागद पसरतात. मधोमध शिंपला. मग कोकाची पाने. तीन तीन पानांची जुडी, एकही पान फाटके किंवा किडके नको, चकचकीत बाजू वर. प्रत्येक जुडीवर हळू फुंकर मारून एकेका गोष्टीचे आभार सांगायचे. त्यावर लाल फुले, पांढरी फुले, मक्याचे दाणे, रंगीत गोळ्या, लोकरीचे सप्तरंगी धागे आणि चरबीचे तुकडे. ही चरबीच कागदातून पाझरून माझ्यापर्यंत येते. शेवटी कागद दुमडून दोऱ्याने बांधायचा आणि वाळक्या लेंड्यांच्या आगीत ठेवायचा. मग सगळे पाठ फिरवून बसतात. जेवणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून पाहू नये, एवढी रीत आमच्याकडेही आहे.

मित्रांनो, मी नुसते कापड होतो असे कुणी म्हणाले तर मला राग येतो. ताटाखालचा पाट असतो ना, तसा मी होतो. माझ्यासमोर माणसे खोटे बोलत नसत. एका वर्षी तर दोन भाऊ भांडत आले होते. एकाच जुडीवर दोघांना फुंकर मारावी लागली. पुढे ते भांडले नाहीत असे नाही, पण त्या दिवशी नाही भांडले.

तीन वर्षांपूर्वी नासारिओ झोपेतच गेला. त्याच्यामागे गावात पाको उरला नाही. बासिलियाने मला घडी घालून टोपलीत ठेवले. नवऱ्याने एकोणतीस वेळा देस्पाचो बांधला, तेव्हा प्रत्येक वेळी पाने तिनेच निवडून दिली होती. कोणत्या जुडीनंतर काय येते हे तिला तोंडपाठ होते. पण आमच्या गावात बाईने कधी देस्पाचो बांधला नव्हता. मनाई कुणी केली नव्हती. कुणी केलेच नव्हते, एवढेच.

तो गेल्यानंतरचा पहिला ऑगस्ट महिना आला. शेजारची उर्सुला मावशी म्हणाली, "बस की गं तू. पानं तुला ओळखतात."

"यंदा पानं चांगली नाहीत मावशी," बासिलिया म्हणाली.

दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये पाने चांगली होती. तेव्हा तिचे गुडघे दुखत होते.

त्या दोन वर्षांत काय काय घडले ते मी टोपलीत पडल्या पडल्या ऐकत होतो. घरामागचा झरा आटला नाही. कडाक्याच्या हिमात चाळीस पिल्लांपैकी सदतीस वाचली. काळ्या अल्पाकाला जुळी झाली आणि दोन्ही जगली. या कशाचेही आभार पोचले नव्हते. रात्री जेवताना बासिलिया घास हातात धरून थांबायची आणि तसाच खाली ठेवायची. ज्याने वाढले त्याला उपाशी ठेवून आपण जेवतो आहोत, असे तिला वाटत असावे. मला तर वाटतच होते.

या जूनमध्ये तिचा दीर तोरिबिओ एका बाईंना घेऊन आला. दरीत परदेशी पाहुण्यांसाठी हॉटेल आहे, त्याच्या त्या मालकीण. बाईंनी मला उजेडात धरले, उलटसुलट केले आणि नख लावून डाग खरवडला.

"एवढा निघाला पाहिजे. आमच्याकडे माणूस आहे त्याला," त्या म्हणाल्या. "विणकाम मात्र अप्रतिम हं."

नमुना म्हणून तोरिबिओने पानांवर फुंकर मारत माझ्यावर देस्पाचो मांडून दाखवला. घाईत त्याने एका जुडीची निस्तेज बाजू वर ठेवली. बासिलियाने वाकून ती पाने बोटाने उलटी केली.

"वा! हे असंच्या असं काचेत बसवू," बाई म्हणाल्या. "जाळायचं नाही."

तोरिबिओने कान खाजवला. "पण बाई, जाळल्याशिवाय ते पोचत नाही."

"पोचतंय की! रोज किती लोक बघतील."

बाई ऑगस्टच्या पहिल्या दिवशी काच घेऊन येणार असे ठरले. तोरिबिओने नमुना मोडला आणि त्यातली फुंकर मारलेली पाने चघळत तो बाईंना सोडायला गेला. एकोणतीस वर्षांत असे कुणी केले नव्हते.

तो वाईट माणूस नाही, मित्रांनो. वहिनीचे गवती छप्पर गळते हे त्याला दिसत होते. "वहिनी, टोपलीत याला कसर लागेल," परत आल्यावर तो समजावू लागला. "त्यापेक्षा काचेत जाऊ दे. बाईंच्या पैशांतून तुमच्या डोक्यावर पत्रा तरी येईल."

"आधी तुझ्या डोक्यात अक्कल येऊ दे," दारातून उर्सुला मावशी म्हणाली, "मग वहिनीच्या डोक्यावर पत्रा."

"मावशी, मग तूच सांग, बांधणार कोण? तू?"

"मला दिसत असतं तर बांधला असता रे मेल्या!"

दोघांनी बासिलियाकडे पाहिले. "बघू," ती म्हणाली. तीन वर्षे ती असेच काहीतरी म्हणून टाळत होती.

जुन्या वस्तू शेवटी हात जोडतात, आम्हाला जपा म्हणून विनवतात. मी विनवणार नाही. काचेखाली मला कसर लागणार नाही, ऊन लागणार नाही, माझा रंग शंभर वर्षे टिकेल, हे सगळे खरे आहे. पण वाढलेले ताट पाहुण्यासमोरून उचलून भिंतीवर टांगायचे, आणि पाटालाही त्यासोबत टांगायचे, याला जपणूक म्हणत नाहीत. लोकर वापराने झिजते. झिजू दे. मला विणले तेव्हा टिकण्यासाठी विणले नव्हते, वाढण्यासाठी विणले होते. तुमच्या घरात माझ्यासारखे कुणी घडी घालून पडले असेल, तर त्याला बाहेर काढा आणि कामाला लावा. डाग पडू द्या.

ऑगस्टचा पहिला दिवस उजाडला. ऊन अंगणात आले तेव्हा बाई आल्या. मागून खेचराच्या पाठीवर काचेची पेटी आली. बासिलियाने मला टोपलीतून काढले, अंगणात पसरले आणि वर पांढरा कागद घातला. तोरिबिओ मांडायला पुढे झाला, तेवढ्यात ती नासारिओच्या जागी बसली. तोंड पर्वताकडे.

"वहिनी, मी मांडतो ना."

"तुम्ही पानं चघळा, भावजी."

उर्सुला मावशी एवढी हसली की तिला खोकला आला.

बासिलियाने पहिली जुडी उचलली. "झऱ्यासाठी," ती म्हणाली आणि फुंकर मारली. दुसरी जुडी. "सदतीस पिल्लांसाठी." काळ्या अल्पाकाच्या जुळ्यांसाठी. नासारिओला झोपेतच नेले, त्याला दुखू दिले नाही, त्यासाठी. मग मक्याचे दाणे आले, फुले आली, चरबी आली. ऊन चढत होते आणि चरबी मऊ होऊ लागली होती. तीन वर्षांनी मला पुन्हा ती ऊब लागली.

बाई फोटो काढत होत्या. "सुंदर! बस, आता हात लावू नका. पेटी आणा रे."

बासिलियाने कागदाची एक कड उचलली.

"वहिनी, थांबा!" तोरिबिओ गुडघ्यांवर बसला. त्याचा आवाज खाली आला होता. "एकदा दुमडलं की ते पाचामामाचं झालं, मग माघारी घेता येत नाही. तुम्हाला माहीत आहे. पाकोशिवाय बांधलं आणि तिनं नाही घेतलं तर? सगळ्या गावाचं आहे हे. आपल्यात पाको आहे का कुणी?"

बासिलियाने कागदाची कड सोडली नाही. तिने आधी पर्वताकडे पाहिले, मग दिराकडे.

"मी आहे," ती म्हणाली. "मीच बांधणार, मीच जाळणार. आणि बाई, पेटी परत न्या. रुमाल मला पुढच्या ऑगस्टला लागणार आहे."