दोघींच्या हातची दश्शी

मित्रांनो, मी चौकटची एक म्हातारी दश्शी आहे. छापखान्याचं तोंडही मी पाहिलेलं नाही. माझा जन्म दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, आणि तोसुद्धा एका माकडामुळे. माझ्या जागची छापील दश्शी त्याने बाजेवरून पळवली. पुढे ते माकड एका मंत्रालयाच्या गच्चीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे उरलेले एकावन्न पत्ते मागायचं म्हणे. पटत नसेल तर माकडाला विचारा.

मग अहिल्याबाईंनी यजमानांच्या, म्हणजे हेडक्लार्क सूर्यकांतरावांच्या, रद्दीतल्या फाइलीचा पुठ्ठा कापला. लाल शाईने पाच चौकटी त्यांनी काढल्या, रांगोळीसारख्या रेखीव. उरलेल्या पाच समोरच्या हरबन्स कौर यांनी काढल्या, पराठ्यासारख्या फुगीर. पाठीवरचा 'तत्काल' हा शिक्का तसाच राहिला. त्यामुळे मी कुणाच्या हातात आहे, हे सगळ्यांना पाठीवरूनच कळायचं. दिसलं तरी बोलायचं नाही, असा नियमच त्यांनी केला.

खेळ चौघांचा. अहिल्याबाई आणि सूर्यकांतराव एका बाजूला, हरबन्स कौर आणि त्यांचे सरदारजी दुसऱ्या. भिडू समोरासमोर, प्रत्येकी तेरा पत्ते, आणि सारी धडपड आम्हा चार दश्श्यांसाठी. हरबन्स कौर आम्हाला 'दहला' म्हणत, अहिल्याबाई 'मेंढी'. मेंढी का, याचं मला फार कुतूहल होतं. मी अंगभर लोकर शोधली. नाही सापडली.

पण नियमात मेख होती. अहिल्याबाईंच्या मेंढीकोटात हात जिंकला की त्यातली मेंढी तिथल्या तिथे आपली. हरबन्स कौर यांच्या 'दहला पकड'मध्ये पत्ते मधेच साचतात. एकाच खेळाडूने लागोपाठ दोन हात जिंकले, की सगळा ढीग त्याचा. यावरून दोन्ही घरांत तीन दिवस वाटीची देवाणघेवाण बंद होती! शेवटी तह झाला. शनिवारी मेंढीकोट, रविवारी दहला पकड. तो तह सोळा वर्षं टिकला.

मग सूर्यकांतराव निवृत्त झाले. क्वार्टर सोडून गाझियाबादला जायचं ठरलं. प्रश्न आला आमचा. पत्त्यांचा कॅट दोन्ही घरांनी मिळून घेतलेला.

"पत्ते इथं राहिले ना," अहिल्याबाई बांधाबांध करताना म्हणाल्या, "तर महिन्याभरात माझ्या जागी दुसरी कुणी येऊन बसेल. मग कोण विचारतंय आपल्याला?"

"अगं, पत्तेच आहेत ते," सूर्यकांतराव म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा."

ठरलं असं, की शेवटचा डाव जिंकेल त्याचा कॅट. दिवस सव्वीस जानेवारीचा. हिरवळीवर ऊन, रेडिओवर परेड, मधे शेंगांचा ढीग. जिंकलेले हात उचलायचं काम सूर्यकांतरावांचं. पण ते शेंगा सोलण्यात गुंग, दोन हात साचल्याशिवाय उचलायचेच नाहीत. आणि योगायोग बघा, दहा हातांपर्यंत जो जिंकला तो लागोपाठ दोनदा जिंकला. शपथेवर सांगते! त्यामुळे कुठला नियम चालू आहे, हे विचारायची वेळच आली नाही.

अकराव्या हाताला अहिल्याबाईंनी एक्क्याने मला पकडलं. त्यांची दुसरी मेंढी. दोन-दोन अशी बरोबरी, आणि हात त्यांचे सात, म्हणजे मेंढीकोटाच्या हिशेबाने डाव त्यांचा. पुढचे दोन्ही हात हरबन्स कौर यांनी घेतले आणि ढीग ओढला, माझ्यासकट.

"लगातार दो! गड्डी मेरी, भैणजी!"

"ऐसे कैसे आपकी? अहो, तो हात उचलला का नाही तुम्ही? ठेवा त्या शेंगा खाली!"

"आज वार क्या है?" सरदारजींनी हळूच विचारलं.

मंगळवार होता. मंगळवारचा नियम सोळा वर्षांत कुणी केलाच नव्हता.

 रेडिओवर बँड वाजत राहिला. मग अहिल्याबाईंनी हात पुढे केला, ढिगातून फक्त मला उचललं आणि पर्समध्ये टाकलं.

"आपके नियम से गड्डी आपकी. मेरे नियम से मेंढी मेरी."

"ते मैं इक्यावन पत्तों से क्या खेलूँ?"

"कुछ मत खेलो. मेरी राह देखो."

गाझियाबादला मी दोन महिने पर्समध्ये पडून होते, औषधाच्या चिठ्ठ्यांत. विसरल्या मला, असंच वाटलं. तिकडे सरदारजींनी मिठाईच्या डब्याची नवी दश्शी कापली होती, हे मला मागाहून कळलं. हरबन्स कौर यांनी ती फाडून टाकली. "इसमें उनके पाँच कहाँ हैं?" म्हणाल्या.

एके दिवशी दोन बस बदलून अहिल्याबाईंनी सरोजिनी नगरात हरबन्स कौर यांच्या क्वार्टरची कडी वाजवली. बाजेवर एकावन्न पत्ते मांडलेलेच होते, आणि अहिल्याबाईंची जागा रिकामी होती.

मित्रांनो, मी स्वतः पुठ्ठ्याची, तरीही सांगते. पत्ता हरवला की लगेच कात्री घेऊ नका. आधी तो कुणाच्या पर्समध्ये आहे, ते बघा. आणि त्या पर्सवालीची जागा पुसून, झटकून ठेवा.

हो, आणि कडी वाजवली त्या दिवशी वार कोणता होता? मंगळवार. दोघी अजून भांडताहेत.