सावड मोडल्यावर

माणसाला माणूस लहानपणी कसा जोडला जातो आणि म्हातारपणी कसा सुटतो, या एका प्रश्नावर इंदुताईंनी उमेदीची सगळी वर्षं घातली. पुण्याच्या कॉलेजात त्या मानसशास्त्र शिकवत, तेही हंगामी. सुट्टी लागली की एसटीने पिंपरी नावाच्या खेड्यात यायचं, म्हाताऱ्या रंगरावांच्या ओट्यावर बसायचं आणि दरसालचं तेच विचारायचं.

"अडीनडीला कुणाला हाक मारता, रंगराव?"

"कुनालाच न्हाई. लिवा."

आतून त्यांची बायको दुर्गाबाई ओरडल्या, "मला मारा की! मी मेले का?"

"तुला मारली तर तू ऐकतीस व्हय?"

इंदुताई हसल्या, पण थकून. "शेजारचे दौलतराव? मागं रोज यायचे. भांडलात?"

"भांडाय तरी गाठ पडाय पायजे! त्येच्या रानातली भांगलन आमी करायचो, आमची त्यो. सावडच हुती. कारखान्यात रान गेलं, सावड मोडली. आता त्येच्या दारात गेलो तर इचारतो, काय काम काढलं? काय सांगू, बाई? काम न्हाई म्हून आलो?"

दौलतरावांनीही तेच सांगितलं. ते पस्तिशीचे.

इंदुताईंनी विभागाच्या संशोधन-अहवालात तसंच लिहिलं: इथं माणसं वयानं तुटली नाहीत, जमीन गेल्यानं तुटली.

विभागप्रमुख नानासाहेबांनी ते पान बाजूला सारलं. ते कधी पिंपरीत उतरलेही नव्हते. "वय वाढलं की माणूस आक्रसतो. सरळ आहे. कारखाना कशाला मध्ये आणता? अनुदान सरकारचं आहे, त्यांना ते रुचणार नाही."

"दौलतराव पस्तिशीचे आहेत."

"त्यांना वगळा. ताई, चाळिशी उलटली तुमची. कायम व्हायचंय ना? जूनमध्ये जागा निघतेय."

इंदुताईंना भांडायचं होतं, पण अंगात त्राणच नव्हतं. प्रवासानं पाय सुजले होते. त्या एवढंच म्हणाल्या, "मी यावर सही करणार नाही."

"दुसरं कुणी करील."

केलीही. जूनमध्ये ती जागा सही करणाऱ्याला मिळाली. इंदुताई मुलींच्या शाळेत भूगोल शिकवू लागल्या. त्यांना कुणी शूर म्हटलं नाही, आणि त्यांनाही तसं वाटलं नाही.

अहवालाचं पुस्तक निघालं, जाडजूड. त्यात रंगराव वयामुळे एकटे पडलेत, आणि दौलतराव नाहीतच.