सांदण दरीतलं अर्धं मिनिट

मध्यान्हीचा सूर्य सांदण दरीच्या माथ्यावर आला आणि वर, अगदी वर, दोन कृष्णपाषाण कड्यांमधल्या चिंचोळ्या फटीत आभाळ पेटलं. खाली मात्र अंधार. ओला, पुरातन, शेवाळगंधी अंधार. त्यात उन्हाची एकच तिरीप उतरणार होती, क्षणभर नांदणार होती आणि निघून जाणार होती.

त्या तिरिपेसाठी श्रीरंग सकाळपासून ट्रायपॉडवरच्या कॅमेऱ्याला डोळा लावून ओणवा होता. आणि त्याची बायको वैजयंती सकाळपासून वैतागली होती.

वैतागेल नाही तर काय करेल? दगडांवरून बसत, घसरत, कुरकुरते गुडघे सांभाळत ती इथवर उतरली होती. पुढच्या महिन्यात ऑपरेशन. मग दऱ्याखोऱ्या बंद, असं डॉक्टरांनी बजावलेलं. त्याआधी, या उजेडात, नवऱ्याच्या हातचा आपला एक फोटो तिला हवा होता. एवढंच.

"अहो, माझा एक काढा ना. मोबाइलवर काढा हवं तर."

"मोबाइल अंधार खाऊन टाकतो गं. आणि जरा सरक, फ्रेममध्ये येतेस."

सरक. जन्मभर हेच. नदीकाठी सरक, देवळाच्या ओवरीत सरक, हिमशिखरांसमोर सरक. घराच्या भिंतींवर त्याची छायाचित्रं होती: निर्मनुष्य घाट, निर्मनुष्य पहाट, निर्मनुष्य चांदणं. आणि त्या प्रत्येक चौकटीच्या जेमतेम बाहेर, डब्यांची पिशवी धरून, ती उभी होती. काय म्हणावं या माणसाला? ती पाय आपटत एकटीच पुढे गेली.

पुढे जाऊन वळली, मोबाइल उंचावला, बोट टेकवलं. झाला फोटो. श्रीरंगचं म्हणणं खोटं नव्हतं. युगायुगांच्या काळोखाला मोबाइलनं चुना फासला होता. पण त्यात श्रीरंग होता. चेहरा कॅमेऱ्याआड, वर नुसतं टक्कल, पण होता.

ती परत फिरली आणि तेवढ्यात तिरीप उतरली. धूळ सुवर्णमय झाली, पाणी सुवर्णमय झालं, कातळ अंगभर तांबूस झाला. त्या उजेडाच्या ऐन मधोमध वैजयंती होती, आणि शटर उघडलं होतं.

"चालत राहा," श्रीरंग काकुळतीला येऊन म्हणाला. "अर्धं मिनिट शटर उघडं आहे. चालत राहिलीस तर फोटोत दिसणारच नाहीस. थांबलीस तर उमटशील."

चालत राहिलं की माणूस दिसत नाही, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. इतकी वर्षं तिनं दुसरं केलं तरी काय?

ती थांबली.

"अगं, सरक ना."

ती सरकली नाही. गुडघे ठणकत होते, ठणकू देत. तिनं श्वास रोखला आणि नजर थेट भिंगात रोवली. उजेड तिच्या पिकल्या केसांवरून ओघळला, खांद्यांवरून ओघळला, मोबाइल धरलेल्या हातावरून ओघळला. ती पापणीसुद्धा हलू देईना.

तिरीप विझली. शटर मिटलं. श्रीरंग चिडून कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकला आणि वाकलेलाच राहिला. ओला काळोख, तांबूस कातळ, आणि मधोमध, कातळाइतकीच निश्चल, वैजयंती.