चाळिसातले बारा

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. पडद्यावर दोन आकडे झळकत होते : कडं घातल्याचे तास आणि उतरलेली साखर यांचं नातं किती घट्ट, शून्य ते एक. मंतरलेलं कडं : ०.६२. साधं कडं : ०.२१.

"जितके तास कडं हातात, तितकी साखर खाली!" कडेबाबा गरजले. "साध्या कड्याच्या तिप्पट! हे मी नाही, कॉम्प्युटर सांगतोय. त्याला काय मी लाच दिली?"

टाळ्या पडल्या. शेजारी बसलेली, शिवणकाम करणारी माझी ताई मात्र टाळ्या वाजवत नव्हती. बाबांचं कडं घालून इन्सुलिन सोडल्याला तिला महिना झाला होता. पायाची जखम ती साडीत लपवत होती.

मी उठले. "प्रत्येक गटात माणसं किती?"

"बारा-बारा. शिकलेल्या दिसता, बाई! या, तुम्हीच तपासा."

आकडेवारी तपासणं हेच माझं रोजचं काम. दोन वेगळ्या गटांतल्या सहसंबंधांची तुलना करणारी चाचणी मी त्यांच्याच लॅपटॉपवर चालवली.

"कड्यात काहीच गुण नसला," मी म्हणाले, "तरी बारा-बारा माणसांत एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरात अठ्ठावीस वेळा नुसत्या योगायोगाने पडतो."

"म्हणजे बहात्तर वेळा आमचा गुण!" बाबा हसले. लोकही हसले.

"तसा त्याचा अर्थ होत नाही. हा हिशोब कड्यात गुण नाही असं धरूनच केलाय," म्हणता म्हणता माझं लक्ष ओळींच्या डावीकडच्या क्रमांकांकडे गेलं. तीन, सात, आठ, चौदा... मधल्या ओळी कुठे गेल्या? मी ओळी लपवणारी गाळणी, म्हणजे फिल्टर, काढली. मंतरलेल्या कड्याची माणसं चाळीस निघाली. पडद्यावरचा ०.६२ घसरून ०.०४ झाला.

"साखर वाढलेले अठ्ठावीस जण लपवलेत," मी म्हणाले.

"त्यांची श्रद्धा कमी पडली!" बाबा ओरडले. या वेळी कुणी हसलं नाही.

एकतिसावी ओळ : शिवणकाम, वय ५८, साखर १८० वरून ४१०.

मी ताईकडे वळले. तिने मान खाली घातली. "मला गेल्याच आठवड्यात यादीतून काढलं गं. म्हटलं, दोष माझाच. कुणाला सांगू?"

त्याच दुपारी तिला दवाखान्यात नेलं. पाऊल वाचलं नाही.

शुद्धीवर आल्यावर तिने आधी विचारलं, "माझी श्रद्धा खरंच कमी होती का गं?"

"नाही, ताई. तुझं औषध बंद होतं."

आकड्याला हात जोडू नका. तो किती माणसांचा, आणि कुणाला वगळून काढलाय, एवढं विचारा. वगळलेल्यांत आपलंच माणूस असतं, आणि ते लाजून गप्प बसलेलं असतं.