विधवा शब्दाचं कूळ

शब्दांची कुळं उकरून काढायचा विनिताला नादच होता. कॉलेजातून शिकवून आली की लॅटिन-ग्रीकच्या कोशांत डोकं घालून बसायची. या हिवाळ्यात तिला ‘विधवा’ शब्दानं पछाडलं होतं, आणि कारण घरातच होतं. सासरे गेल्यावर सासूबाई, इंदुमती, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आतल्या खोलीत बसत. संस्कृतच्या निवृत्त शिक्षिका. त्यांना रूढी नव्हे, पुरावाच पटेल, असं विनिताचं गणित. यंदा त्यांना बाहेर आणायचंच, हा तिचा हट्ट होता.

हळदीकुंकवाच्या दुपारी हिंदी मुलखातल्या त्यांच्या शाहपुऱ्याच्या घरात आनंद नगर वस्तीतल्या मराठी बायका जमल्या, तशी विनिता कुंकवाचा करंडा घेऊन आत शिरली.

“आई, तुम्ही वर्गात सांगायचात ना, धव म्हणजे नवरा, तो नसलेली ती विधवा? ते उलटं आहे! लॅटिन विदुआ, इंग्रजी विडो, सगळे एकाच घराण्यातले. मुळात अर्थ वेगळी झालेली, एवढाच. ‘धव’ मागाहून या शब्दातूनच तोडून काढला. नवरा त्यात नव्हताच!”

इंदुमतींनी दोन-चार खोचक प्रश्न विचारले आणि मग मनापासून हसल्या. “म्हणजे जन्मभर पोरांना चुकीचंच शिकवलं की मी!”

विनिताला आभाळ ठेंगणं झालं. “मग चला बाहेर.”

“मी शब्दापायी आत बसत नाही गं. हे गेले, वर्ष सरलं, पहिल्या हळदीकुंकवाला मी बाहेरच होते. तू एकेकीला कुंकू लावत आलीस, माझ्यापाशी थबकलीस आणि पुढच्या बाईकडे वळलीस. पुढल्या वर्षापासून म्हटलं, तुझी पंचाईत नको.”

विनिताला ते आठवलं, आणि अतोनात लाज वाटली. तेव्हा चारचौघींच्या नजरांना ती भ्यायली होती. पुढे सासूबाई आपणहून आत गेल्या, तेव्हा तिला सुटल्यासारखंच वाटलं होतं. कोशांत ती जो दोष शोधत बसली होती, तो तिच्याच बोटांत होता.

बाहेर जमलेल्यांतल्या वैजयंतीवहिनींनी हाक मारली, “अगं विनिता, सगळ्या कबसे खोळंबल्यात!”

विनितानं घाईघाईनं करंडा उघडला. इंदुमतींनी तिचं मनगट धरलं.

“इथे नको. लावायचं तर त्यांच्यासमोर लाव.”

विनितानं करंडा मिटला. तिनं दार उघडलं आणि म्हणाली, “आई, तुम्ही पुढे चला. आज पहिलं कुंकू तुम्हाला.”